इमारतीला विचारायचे तीन प्रश्न
(आधुनिक वास्तुशैलींची ओळख, पालघर-बोईसरच्या निमित्ताने)

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वास्तुशैलींची नावे येतात ती बहुधा जुन्या काळाची. हेमाडपंती देवळे, मोगल घुमट, वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चे, मुंबईची गोथिक पद्धतीची बोरीबंदरची इमारत. ही यादी साधारण १९०० सालापाशी थांबते. विद्यार्थी ज्या इमारतीत राहतो, ज्या वर्गात बसतो, ज्या कारखान्यात त्याचे वडील कामाला जातात, ती कोणत्या शैलीची आहे हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या साध्या खोकी असतात, त्यांना कसली आली शैली, अशी आपली समजूत असते.

प्रत्यक्षात ‘साधे खोके’ ही देखील एक शैली आहे. तिला जन्मतारीख आहे, जन्मस्थान आहे, आणि तिच्यामागे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांतील काही ठोस कारणे आहेत. ही कारणे समजली की शैलींची नावे पाठ करावी लागत नाहीत. कारणे विसरून नुसते रूप उचलले तर काय होते, हेही आपल्या परिसरात पाहायला मिळते. त्यातील एक उदाहरण तर थेट जीविताशी संबंधित आहे. ते शेवटी पाहू.

कोणत्याही इमारतीसमोर उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. पहिला, भार कोण उचलतो? दुसरा, ऊन-पाऊस कोण अडवतो? तिसरा, दर्शनी भाग काय सांगू पाहतो? आधुनिक वास्तुकलेतील प्रमुख शैलींमधला फरक म्हणजे या तीन प्रश्नांच्या उत्तरांमधला फरक होय.

भिंत मोकळी झाली

दगड-विटांच्या जुन्या इमारतीत छपराचा आणि मजल्यांचा भार भिंती उचलतात. मजले वाढले की तळाची भिंत जाड करावी लागते. शिकागोमध्ये १८९१ साली पूर्ण झालेली मोनॅडनॉक ही १६ मजली इमारत या पद्धतीची जणू शेवटची सीमा ठरली. तिच्या तळाच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाड आहेत. अशा भिंतीत मोठी खिडकी पाडणे म्हणजे भार उचलणाराच भाग काढून टाकणे.

त्याच शहरात पोलादी सांगाडा वापरण्याचे प्रयोग सुरू झाले होते. भार खांबांनी व तुळयांनी उचलायचा, भिंतीने केवळ आडोसा द्यायचा. पुढे लोखंडी सळया घातलेले काँक्रीट आले आणि ही कल्पना जगभर पसरली. काँक्रीट दाबाला भक्कम असते, पण ताण सहन करण्याची त्याची ताकद दाब सहन करण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच. ती उणीव पोलाद भरून काढते. ही जोडी टिकते याला दोन कारणे आहेत. पोलाद आणि काँक्रीट तापमानाने जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात : १० मीटर लांबी आणि १० अंश सेल्सियस वाढ यांना दोन्ही सुमारे एक मिलिमीटर. म्हणून ती एकमेकांपासून सुटत नाहीत. शिवाय ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. इतक्या अल्कधर्मी परिसरात पोलादावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो व ते गंजत नाही.

भार सांगाड्याने आणि आडोसा भिंतीने, ही विभागणी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. वारल्यांचे पारंपरिक घर पाहा. छपराचा भार लाकडी मेढी आणि आडवी लाकडे उचलतात. कारवीच्या काठ्यांचा, शेणमातीने लिंपलेला कूड भार घेत नाही. तो वारा, नजर आणि जनावरे अडवतो. कूड काढून दुसरा घातला तरी घर उभेच राहते. तत्त्वापुरते बोलायचे तर काचेच्या भिंतींची गगनचुंबी इमारत आणि कुडाचे घर एकाच जातीची आहेत, आणि मधली जाड भिंतींची घरे वेगळ्या जातीची. विद्यार्थ्यांना सांगाड्याची कल्पना समजावून देण्यासाठी शिकागोपेक्षा हे उदाहरण केव्हाही सोयीचे.

मोकळ्या झालेल्या भिंतीचे काय करायचे? या प्रश्नाला विसाव्या शतकात निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यातूनच शैली निर्माण झाल्या.

आर्ट डेको

पॅरिसमध्ये १९२५ साली सजावटीच्या कलांचे एक मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या नावावरून पुढे ‘आर्ट डेको’ हे नाव पडले. सांगाडा नव्या काँक्रीटचा, पण चेहरा सजवलेला. मात्र सजावट वेलबुट्टीची नसून भूमितीची : सरळ उभ्या-आडव्या रेषा, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जाणारा माथा, गोलाई दिलेले कोपरे, उगवत्या सूर्याचे किरण, जहाजाच्या कठड्यासारखे कठडे. यंत्र, वेग आणि प्रगती यांचे त्या काळाला असलेले आकर्षण त्यात दिसते.

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडची रांग आणि मरीन ड्राइव्ह पाहिले की ही शैली डोळ्यांत भरते. रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) ही चित्रपटगृहे याच शैलीची. मैदानाच्या एका बाजूला गोथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको अशा या समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. फोर्टमधील न्यू इंडिया अॅशुरन्सची इमारत (१९३६) मास्टर, साठे आणि भुता या भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेची. म्हणजे ही शैली केवळ साहेबाने आणून लादलेली नव्हती. तिच्यातून शहरातील नवा मध्यमवर्ग आपले स्वतःचे रूप शोधत होता.

या इमारतींच्या खिडक्यांवर भुवईसारखा सलग वळत गेलेला छज्जा असतो. दिसायला ती सजावट, पण मुंबईच्या पावसात तो प्रत्यक्ष उपयोगीही आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे सजावटीत लपलेले आहे.

आंतरराष्ट्रीय शैली

जर्मनीत १९१९ साली ‘बाउहाउस’ ही कला व रचनेची शाळा सुरू झाली. वॉल्टर ग्रोपियस तिचे संस्थापक. डेसाउ येथील तिची १९२६ची काच-काँक्रीटची इमारत पुढच्या हजारो इमारतींची आजी म्हणता येईल. नाझींच्या दबावामुळे ही शाळा १९३३ साली बंद पडली आणि तिचे शिक्षक जगभर विखुरले. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली भरलेल्या एका प्रदर्शनाने या प्रवाहाला ‘आंतरराष्ट्रीय शैली’ हे नाव दिले. सजावट नको, भिंती सपाट व पांढऱ्या, छप्पर सपाट, खिडक्यांच्या लांब आडव्या पट्ट्या, आणि देश कोणताही असो, उत्तर एकच, हा तिचा आग्रह.

फ्रान्समध्ये काम करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांनी १९२७ साली नव्या वास्तुकलेची पाच सूत्रे मांडली. इमारत खांबांवर उचलून तळमजला मोकळा ठेवावा. छपरावर बाग करावी. आतल्या भिंती हव्या तशा घालाव्यात. खिडक्यांची आडवी पट्टी करावी. दर्शनी भाग सांगाड्यापासून मोकळा असावा. ही पाचही सूत्रे ‘भिंत भार उचलत नाही’ या एकाच विधानातून निघतात. भूमितीच्या एखाद्या प्रमेयातून उपप्रमेये निघावीत, तशी.

महाराष्ट्राशी या प्रवाहाचा संबंध जवळचा आहे. कोकणातील आचरे येथे १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून हार्वर्डला गेले. तेथे ग्रोपियस त्यांचे शिक्षक होते. परत आल्यावर त्यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेसाठी काम केले. कानपूरची आय. आय. टी. आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र ही त्यांचीच कामे. सहलीला विज्ञान केंद्रात जाणाऱ्या शिक्षकांनी आतील प्रयोगांबरोबर इमारतही मुलांना दाखवावी. कुलाब्याला समुद्रकाठी असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्थेची १९६२ साली उद्घाटन झालेली इमारत शिकागोचे वास्तुविशारद हेल्मुट बार्टश यांची. विज्ञान हे देशोदेशी सारखेच, मग त्याचे घरही तसेच असावे, ही त्या काळातील भावना तिच्यात वाचता येते.

आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांतील शाळा, बँका, वसाहतींमधील तीन-चार मजली चाळवजा इमारती या सर्व याच शैलीच्या दूरच्या, गरीब नातेवाईक आहेत. सजावट नाही, छप्पर सपाट, सांगाडा काँक्रीटचा. मात्र येथे ही निवड तत्त्वातून नव्हे, काटकसरीतून झालेली असते.

सपाट छपराची आपल्याकडची गोष्टही यातच आली. पालघर भागात वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर दोन मीटर पाऊस म्हणजे २०० घनमीटर, अर्थात दोन लाख लिटर पाणी. त्यातील बहुतेक चार महिन्यांत. उतरत्या कौलांवरून हे पाणी क्षणात ओघळून जाते. सपाट गच्चीवर ते भेगा शोधत बसते. म्हणून बोईसरमधील कित्येक गच्च्यांवर लोकांनी पत्र्याची उतरती शेड चढवलेली दिसते. आंतरराष्ट्रीय शैलीला कोकणच्या पावसाने दिलेले हे उत्तर होय!

ब्रुटॅलिझम

हे नाव ऐकून क्रूरतेची आठवण होते, पण मूळ वेगळे आहे. फ्रेंच भाषेत ‘बेतों ब्रुत’ म्हणजे उघडे, कच्चे काँक्रीट. त्यावरून १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये हा शब्द रूढ झाला. काँक्रीटला गिलावा नको, रंग नको. साच्याच्या फळ्यांचे वण देखील तसेच राहू द्यावेत. इमारत कशाची बनली आहे ते तिने लपवू नये, ही त्यामागची भूमिका. आकार अवजड व शिल्पासारखे, सावल्या खोल.

आंतरराष्ट्रीय शैलीचे प्रवर्तक ल कॉर्बुझिए हेच पुढे या वाटेनेही गेले. १९५१पासून त्यांनी केलेले चंडीगढचे काम हे याचे ठळक उदाहरण. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसला त्यांच्या हाताखाली काम करून आले आणि पुढे अहमदाबादला त्यांनी स्वतःची वाट शोधली. २०१८ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

उघड्या काँक्रीटचा प्रामाणिकपणा रसायनशास्त्राला मान्य असतोच असे नाही. हवेतील कार्बन डायॉक्साइड हळूहळू आत झिरपतो, काँक्रीटचा सामू ९च्या खाली उतरतो आणि सळईवरील संरक्षक थर नाहीसा होतो. खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड हेच काम आणखी वेगाने करते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुटते. तारापूरसारख्या ठिकाणी समुद्राचा वारा आणि कारखान्यांतील आम्लयुक्त धुरांडी एकत्र आली, तर सळईवरील काँक्रीटचे आवरण पुरेसे जाड ठेवणे हा सौंदर्याचा नव्हे, टिकाऊपणाचा प्रश्न बनतो. आपल्या शाळेच्या छज्ज्याखाली तांबूस डाग आणि सळईच्या रेषेतच गेलेली भेग दिसली, तर ही क्रिया सुरू झाली आहे असे समजावे व वेळीच अभियंत्याला दाखवावे.

कारखाना : शैली नसलेली शैली

अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी १८९६ साली मांडलेला विचार असा की आकार हा उपयोगामागून येतो. या विचाराची सर्वांत शुद्ध उदाहरणे वास्तुविशारदांच्या पुस्तकात कमी आणि औद्योगिक वसाहतीत जास्त सापडतात.

तारापूर औद्योगिक वसाहतीत करवतीच्या दातांसारखी छपरे असलेल्या शेड पाहायला मिळतात. दाताची एक बाजू उतरती व बंद, दुसरी उभी व काचेची. कापडासारख्या धंद्यात उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको. काचेची बाजू उत्तरेला ठेवली की हे साधते, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेस सूर्य दुपारी कायम दक्षिणेकडे असतो. पालघरचे अक्षांश मात्र सुमारे १९.७ अंश, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. येथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य थोडासा उत्तरेला असतो, आणि जूनमध्ये तर तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतो. तेव्हा उन्हाळ्याच्या अखेरीस सकाळ-संध्याकाळ थोडे ऊन आत येणारच. युरोपातील गिरण्यांना ही अडचण आपल्याहून कमी, कारण तेथे सूर्य माध्यान्ही कधीच उत्तरेला जात नाही. शैली प्रवास करते, सूर्य मात्र जागच्या अक्षांशाप्रमाणेच वागतो.

तारापूरचे अणुवीजकेंद्र हे दुसरे उदाहरण. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची इमारत बाहेरून चौकोनी आहे. तेथे अपघातात निघणारी वाफ आतल्या पोलादी कोठीत अडवून पाण्याच्या साठ्यात नेऊन थंड करण्याची योजना आहे. २००५ व २००६ मध्ये वीज देऊ लागलेल्या चौथ्या व तिसऱ्या संचांना मात्र दंडगोल व घुमट आहे. वाफेचा दाब आतून बाहेर रेटतो. सपाट भिंत त्याने वाकेल, परंतु गोलाकार भिंतीत तो दाब सर्वत्र सारख्या ताणात वाटला जातो, सायकलच्या ट्यूबमध्ये होतो तसा. ताण हा काँक्रीटचा कच्चा दुवा, म्हणून आतील कवचात पोलादी तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. त्या काँक्रीटला कायम दाबून धरतात. वाफेचा ताण आला तरी आधी तो दाब संपावा लागतो. घुमट येथे कोणत्याही धर्माची वा सत्तेची खूण नाही, तो एका समीकरणाचे उत्तर आहे.

पॅरिसमध्ये १९७७ साली पाँपिदू केंद्र उघडले तेव्हा लोक चकित झाले. रेन्झो पियानो व रिचर्ड रॉजर्स या वास्तुविशारदांनी सर्व नळ इमारतीच्या बाहेर काढले होते : हवेचे निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे. ‘हाय-टेक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीचे ते प्रसिद्ध उदाहरण. बोईसरच्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. येथील रासायनिक कारखान्यांत नळ बाहेरच असतात, आणि भारतीय मानकाप्रमाणे पाण्याचा नळ हिरवा व हवेचा निळाच रंगवतात. गळती चटकन दिसावी, दुरुस्ती सोपी व्हावी, वायू साचू नये ही त्याची कारणे. पॅरिसमध्ये यातील काही कारणे खरी होती, आत मोकळे मोठे दालन मिळणे हे मुख्य. उरलेले मात्र यंत्रयुगाचे प्रदर्शन होते.

उत्तर-आधुनिक शैली

सगळीकडे सारखीच खोकी पाहून लोक कंटाळले. १९६६ साली रॉबर्ट व्हेंतुरी यांनी पुस्तक लिहून साधेपणाच्या या हट्टावर टीका केली. १९७०नंतर कमानी, खांब, रंग आणि जुन्या शैलींचे संदर्भ पुन्हा दर्शनी भागावर आले, पण थोडे थट्टेच्या सुरात. न्यूयॉर्कमधील ए. टी. अँड टी. कंपनीची १९८४ची उंच इमारत जुन्या लाकडी कपाटासारख्या माथ्याची आहे. तिचे वास्तुविशारद फिलिप जॉन्सन. १९३२चे प्रदर्शन भरवणाऱ्यांपैकी हेच एक, हे लक्षात ठेवण्याजोगे.

या शैलीची आपल्याकडची आवृत्ती म्हणजे नव्या बंगल्यांपुढील व मंगल कार्यालयांपुढील ग्रीक-रोमन खांब. खांबावर टिचकी मारून पाहावी. पोकळ आवाज आला तर तो भार उचलत नाही, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फक्त देतो. त्यात गैर काही नाही, सजावट ही माणसाची गरज आहे. पण भार कोण उचलतो आणि कोण उचलण्याचे सोंग करतो हे ओळखता आले पाहिजे.

दर्शनी भागावर काच व चकचकीत पत्रे लावण्याची पद्धत मात्र तपासून पाहावी अशी आहे. साधी काच सूर्यप्रकाश आत सोडते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारी दीर्घ तरंगलांबीची उष्णता अडवते. थंड देशात हा फायदा, आपल्याकडे वीजबिल. आणि पत्र्यांच्या दोन थरांमध्ये ज्वलनशील प्लॅस्टिक असेल तर धोका त्याहून मोठा. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली लागलेली आग अशाच आवरणातून पसरली आणि ७२ माणसे दगावली.

प्रादेशिक आधुनिकता

शेवटची शैली नव्हे तर वृत्ती म्हणावी अशी. तंत्र नवे, पण हवा, पाऊस आणि माणसांच्या सवयी स्थानिक. मुंबईत पेडर रोडजवळची चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा इमारत (१९८३) पाहा. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा, म्हणून घरे पूर्व-पश्चिम उघडी हवीत. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा यांचीही दिशा तीच. जुन्या बंगल्याने यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजली उंचीच्या गच्चीच्या रूपाने आकाशात नेला.

पुण्यातील ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था त्यांचीच रचना. काळ्या बेसॉल्टच्या भिंती आणि मध्ये पायऱ्यापायऱ्यांचे कुंड. जयंत नारळीकर संस्थापक संचालक असलेल्या या संस्थेत विज्ञानाचे घर सर्व देशांत सारखेच असले पाहिजे हा आग्रह उरला नाही. टाटा संस्था आणि आयुका यांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर तीस वर्षांत विचार कसा बदलला ते वर्गात सहज दाखवता येते.

बेलापूर येथे सिडकोसाठी कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेली घरेही याच वृत्तीची. सात-सात घरांचा गट एका चौकाभोवती, आणि दोन घरांची भिंत सामाईक नाही. त्यामुळे कुटुंब वाढले की प्रत्येकाला आपले घर स्वतंत्रपणे वाढवता येते. त्याच सिडकोने १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मलेल्या पालघर जिल्ह्याच्या मुख्यालयाचे संकुल बांधले. ते २०२१ साली सुरू झाले. विद्यार्थ्यांनी तेथे जावे आणि तीन प्रश्न विचारून स्वतःच ठरवावे : हे संकुल वरीलपैकी कोणाच्या घराण्यातले?

रूप घेतले, कारण राहिले

आता सुरुवातीला सांगितलेले उदाहरण. ल कॉर्बुझिए यांचे पहिले सूत्र, इमारत खांबांवर उचलावी. आपल्याकडे ते वाहनतळाच्या सोयीने घरोघर पोचले. तळाला नुसते खांब, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. ‘विटांची भिंत भार उचलत नाही’ हे विधान उभ्या भारापुरते ठीक आहे. भूकंपात जमीन आडवी हलते, आणि तेव्हा सांगाड्यात घट्ट बसलेली भिंत आडव्या हालचालीला मोठा विरोध करते. वरचे मजले अशा भिंतींमुळे ताठ राहतात. तळमजल्यात त्या नसल्याने सगळी हालचाल तेथील खांबांच्या वाट्याला येते. अशा मजल्याला अभियंते ‘मऊ मजला’ म्हणतात. २६ जानेवारी २००१च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा अनेक इमारती कोसळल्या. त्यानंतर २००२च्या भारतीय मानकाने असा मजला असल्यास तेथील खांब व तुळया अडीच पट बलासाठी आखण्याची तरतूद केली. २०१६च्या आवृत्तीत नियम आणखी कडक झाले.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या छोट्या धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली. त्यांतील मोठे धक्के ४ प्रतीच्या आसपासचे होते. २०१६च्या मानकानुसार हा भाग तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात मोडतो. बोईसर-पालघरमध्ये नव्या उंच इमारती झपाट्याने उभ्या राहत आहेत. खांबांवरील प्रत्येक इमारत धोकादायक असते असे मुळीच नाही. तळमजल्यात जाड काँक्रीटच्या भिंती, विशेषतः लिफ्ट व जिन्याभोवती, योग्य जागी घातल्या आणि खांबांत कड्या दाटीने बांधल्या तर ती सुरक्षित होऊ शकते. पण घर घेताना फरशी, नळ आणि दर्शनी काच पाहणाऱ्या माणसाने ‘आडवा भार कोण उचलतो?’ हाही प्रश्न विचारायला हवा. तो विचारण्याची सवय शाळेतच लागू शकते.

वर्गात करून पाहा

१. मऊ मजला : जाड पुठ्ठ्याच्या चार चौकोनी तबकड्या घ्या. त्या एकावर एक ठेवून कोपऱ्यांत आइस्क्रीमच्या काड्यांचे खांब चिकटवा. वरच्या दोन मजल्यांना चारही बाजूंनी कागद चिकटवा, तळमजला मोकळा ठेवा. हे घर ट्रेमध्ये चिकटवून ट्रे गोट्यांवर ठेवा व मागे-पुढे हलवा. कोणता मजला वाकतो ते पाहा. मग तळमजल्याच्या दोन लगतच्या बाजूंना कागद चिकटवून पुन्हा हलवा.

२. छज्ज्याची सावली : छज्जा ६० सेंटिमीटर बाहेर आहे असे धरा. दक्षिणेच्या भिंतीवर माध्यान्ही पडणारी सावली = ६० × टॅन (सूर्याची उंची). पालघरला २२ डिसेंबरला ही उंची सुमारे ४७ अंश, म्हणून सावली सुमारे ६४ सेंटिमीटर. २१ मार्चला ती सुमारे ७० अंश व सावली दीड मीटरहून जास्त. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी सूर्य डोक्यावर, तेव्हा पूर्ण भिंत सावलीत. म्हणजे थंडीत हवे तेवढे ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर. आता पश्चिमेची भिंत घ्या. दुपारी उशिरा सूर्य २० अंशांवर असताना सावली फक्त २२ सेंटिमीटर! पश्चिमेच्या खिडकीला छज्जा पुरत नाही, उभी पट्टी, झाड किंवा व्हरांडा लागतो. आपल्या शाळेच्या चारही बाजूंचे छज्जे मोजा. ते सगळे सारखेच निघाले, तर आराखडा काढताना सूर्याचा विचार झाला होता का, यावर चर्चा करा.

३. तीन प्रश्नांचा तक्ता : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वाटेवरच्या पाच इमारती निवडून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. त्यात एक तरी कुडाचे किंवा कौलारू घर असावे, एक कारखान्याची शेड असावी आणि एक गेल्या दहा वर्षांतील उंच इमारत. शैलीचे नाव सर्वांत शेवटी लिहावे. नाव चुकले तरी चालेल, उत्तरांना कारणे दिलेली असावीत.